समुद्रकांठचा चिखल आणि आमचें निसर्गवर्णन

‘समुद्रकांठची एक संध्याकाळ’ हा निबंध ज्यानें कधीं लिहिला नाहीं असा मराठी शाळेंत शिकलेला मनुष्य विरळा. तो ज्यांनीं तपासला आहे त्यांच्यांत प्रस्तुत लेखकाचा क्रमांक बराच वर लागावा. कारण गेलीं सत्तावीस वर्षें तो नागपुरांत मराठी वाङ्मय शिकवीत आहे, आणि समुद्रापासून इतक्या दूरच्या या शहरांत समुद्रावर जितके निबंध लिहिले जातात तितके रत्नागिरींतहि लिहिले जात नसतील असा त्याचा समज आहे. आमच्या लकडगंजांत ज्यांच्या घरासमोर सागवानाचे ओंडके पडलेले असतात आणि आरागिरणीच्या आवाजांत ज्यांचा अभ्यास होतो, अशा मुलांना ओल्या लाकडाच्या वासावर चार ओळी लिहा म्हटलें तर तीं गोंधळतात. समुद्रावर लिहा म्हटलें कीं लेखणी अडत नाहीं. सोनेरी वाळू आहे, डोलणारे माड आहेत, फेसाळ लाटा आहेत, सूर्याचा तांबडा गोळा आहे, क्षितिजावर एक शीड आहे. शेवटीं आयुष्याच्या क्षणभंगुरतेवर दोन वाक्यें आलीं कीं निबंध पुरा. आम्ही परीक्षकहि वीसांपैकीं बारा-तेरा गुण देऊन मोकळे होतों.

हें हंसण्यासारखें आहे खरें. पण मुलांना हंसून भागणार नाहीं. त्यांनीं समुद्र पाहिला नव्हता, समुद्राचें वाङ्मय वाचलें होतें; आणि त्या वाङ्मयांत जें होतें तेंच त्यांनीं उतरविलें. तेव्हां प्रश्न विचारायचा तो त्या वाङ्मयाला विचारला पाहिजे. तो विचारण्याची बुद्धि मला फार उशिरां झाली. ती कशी झाली तें आधीं सांगतों.

गेल्या पौषांत अलिबागजवळच्या आक्षी या गांवीं जाण्याचा योग आला. निमित्त समुद्राचें नव्हतें, एका शिळेचें होतें. मराठी भाषेचा इतिहास शिकवितांना आक्षीच्या शिलालेखाचें नांव मी दरवर्षीं फळ्यावर लिहितों: शिलाहार राजा केशिदेव, शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथानें तो अभ्यासकांच्या हातीं आला. त्याच्या काळाविषयीं विद्वानांत वाद आहे; तरी मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते, आणि श्रवणबेळगोळच्या लेखाच्याहि आधींचा मान त्याला देणारे पुष्कळ आहेत. सत्तावीस वर्षें ज्याचें नांव घेतलें तो दगड एकदां पाहावा, एवढीच इच्छा होती.

रात्रीच्या गाडीनें मुंबई आणि तेथून मोटारीनें पुढें. शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा सागरी सेतु २०२४ च्या जानेवारींत खुला झाला, त्यावरून आम्ही गेलों. सेतूच्या आरंभीं खालीं करड्या चिखलाचें विस्तीर्ण पठार पसरलेलें होतें. ठाण्याच्या खाडींत थोडें वर, रोहित पक्ष्यांसाठीं २०१५ सालीं अभयारण्य झालें, तें असल्याच चिखलाच्या जिवावर. पण मोटारींतले सर्वजण दूर क्षितिजाकडे पाहत होते. मीहि तिकडेच पाहत होतों.

आक्षीला पोंचलों तेव्हां दुपारचे साडेबारा झाले होते. तिथि वद्य प्रतिपदा. साखर आणि आक्षी यांच्यामधली खाडी कांठोकांठ भरली होती; होड्या ताठ उभ्या होत्या, पाण्यांत सुरूच्या झाडांचीं प्रतिबिंबें हलत होतीं. माझ्या मनांतला निबंध जणूं समोर मांडून ठेवला होता. ज्यांच्याकडे उतरलों ते निवृत्त प्राथमिक शिक्षक. गांव त्यांना गुरुजी म्हणतें. ते म्हणाले, “सर, तुम्हांला हवें तें आत्तां पाहून घ्या. दिवस मावळेपर्यंत हें सारें जाईल.” मला वाटलें, ते उन्हाविषयीं बोलत आहेत.

संध्याकाळीं पुन्हां पुलाजवळ गेलों तर खाडी नव्हती. मध्यें एक बारीक धार उरली होती आणि दोन्ही अंगांना शिशाच्या रंगाचा, बुळबुळीत, भोंकाभोंकांचा चिखल पसरला होता. होड्या कुशीवर कलंडल्या होत्या. कुजक्या पाल्याचा आणि मिठाचा मिळून एक उग्र वास येत होता. मी सहज म्हणालों, “देखावा गेला.” गुरुजी हंसले. म्हणाले, “देखावा गेला खरा, आत्तां बाजार उघडला.”

तो बाजार मीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहिला. साडेसातच्या सुमारास गुरुजींच्या मावशींबरोबर खाजणाच्या कडेनें खालीं उतरलों. मावशींनीं सत्तरी ओलांडली आहे. लुगड्याचा काचा मारलेला, कमरेला टोपली, पाय उघडे. मीं विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, चार पावलें टाकलीं आणि देखावा पाहावा म्हणून संवयीनें थांबलों. पोटऱ्या चिखलांत गेल्या. पाय काढूं लागलों तों दुसरा खोल गेला. मावशी मागें न वळतां म्हणाल्या, “भाऊ, उभं ऱ्हाऊ नका. उभा ऱ्हायला का चिखल धरतो. चालत ऱ्हावा.”

चालत राहिल्यावर हळूहळू दिसूं लागलें. ज्याला मी एकरंगी म्हणत होतों त्या चिखलांत तीन-चार जाती होत्या. धारेजवळचा अगदीं मऊ, लोण्यासारखा. वर, तिवरांच्या कडेला, थोडा घट्ट, तेथें पाय धरतो. मध्येंच वाळूमिश्रित पट्टा, तेथें खुबे सांपडतात. तिवराचीं मुळें जमिनींतून बोटांसारखीं वर आलेलीं. चिखलांत हवा नाहीं म्हणून तीं श्वासासाठीं वर येतात. नदीनाल्यांनीं डोंगरावरून आणलेली माती समुद्र भरतीबरोबर आंत ढकलतो, आणि जेथें पाणी क्षणभर स्तब्ध होतें तेथें ती खालीं बसते. मग तीं मुळें तिला धरून ठेवतात. असें करीत करीत हा चिखल वर्षानुवर्षें जमतो. त्यांत एका नांगीनें मोठा आणि एका नांगीनें लहान असा चिमुकला खेंकडा सारखा हात हालवीत होता. निवट्या नांवाचा मासा पाण्याबाहेर, चिखलावर, उड्या मारीत होता. मावशी बिळांत कोंपरापर्यंत हात घालून तो काढीत. थोड्या अंतरावर पक्षी: तुतवार, चिखल्या, लांब वांकड्या चोंचीचा कोरल. ज्याची चोंच जितकी लांब तितकें खोल त्याचें अन्न, म्हणून एकाच चिखलावर सर्वांचें भागतें. यांतले पुष्कळ हिवाळ्यासाठीं मध्य आशियांतून आणि सैबेरियांतून येतात. चिखल्या हें पक्ष्याचें नांवच पाहा. ज्या कोणीं तें ठेवलें त्याला चिखल या शब्दाची लाज वाटत नव्हती.

भरती केव्हां येईल असें मीं विचारलें. मावशींनीं घड्याळ विचारलें नाहीं, तिथि विचारली. तिथीची पाऊणपट करायची. तितके वाजतां भरती पुरी होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यापुढें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी फार चढतें आणि फार उतरतें, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास धड चढत नाहीं, धड उतरत नाहीं, तो भांग. आमच्या घरीं याच तिथीवर संकष्टीचा उपास आणि एकादशीचा फराळ ठरतो. त्याच तिथीवर येथें पाणी चालतें आणि माणसें कामाला लागतात, हें मला पंचावन्न वर्षांत ठाऊक नव्हतें. एवढा हिशेब डोक्यांत ठेवून मावशी टोपलींतले निवटे मोजीत होत्या. मग सहज म्हणाल्या, “सुकती लागली का हे वर येतात.”

सुकती. हा शब्द ऐकला आणि मी दुसऱ्यांदां थांबलों. या खेपेस चिखलानें मला चांगलेंच धरलें.

हा शब्द मीं पूर्वीं एकदां वाचला होता आणि लाल शाईनें खोडला होता. त्याला एकोणीस-वीस वर्षें झालीं असतील. आमच्या वर्गांत कुलाब्याकडची एक मुलगी होती. वडिलांची बदली झाली म्हणून नागपुरास आलेली. समुद्रकांठच्या संध्याकाळीवर तिनें निबंध लिहिला. त्यांत सूर्य नव्हता, शीड नव्हतें. आईबरोबर सुकतीला खाडींत उतरणें, गुडघाभर चिखल, कालवें फोडतांना कापलेलें बोट, परततांना चढतें पाणी पाठीमागून येतें आहे याची भीति, असा सगळा मजकूर. मीं ‘सुकती’ खोडून ‘ओहोटी’ केलें. समासांत लिहिलें, ‘विषयांतर. सौंदर्यदृष्टीचा अभाव. ग्राम्य शब्द टाळावे.’ वीसांपैकीं नऊ गुण दिले. ती माझ्याकडे आली. भांडायला नव्हे. तिनें विचारलें, “सर, आमच्याकडे वाळू नाही. मग काय लिहायचं?” मीं सांगितलें, “कल्पना करावी.” हें उत्तर मला त्या वेळीं फार समर्पक वाटलें होतें, पुढें कांहीं वर्षें मी तें वर्गांत विनोद म्हणून सांगत असें.

आतां वाङ्मयाकडे वळतों. मी त्या मुलीला जें सांगितलें तें माझ्या पदरचें नव्हतें, परंपरेनें मला दिलेलें होतें. आमच्या भाषेंतला समुद्र बहुतेक उभ्या माणसानें पाहिलेला समुद्र आहे. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे सावरकरांच्या कवितेंतला, तो १९०९ सालीं इंग्लंडांतल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेला. तेथें सागराशीं बोलणें आहे, त्याच्यावर रागावणें आहे, आणि तें त्या कवितेला शोभतेंहि. कवीला मातृभूमि हवी होती, कांठ नको होता. केशवसुत १८६६ सालीं मालगुंडला, ऐन समुद्राजवळ जन्मले. विद्यार्थिदशेंत कांहीं काळ ते आमच्या नागपुरासहि होते. दूर गेल्यावर त्यांना आपला प्रांत आठवला तो नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याच्या निमित्तानें. वारा हा फार सोयीचा दूत आहे. तो येतांना पायाला कांहीं लावून आणीत नाहीं.

गद्यांत प्रदेश अधिक घट्ट होतो असें म्हणतात, आणि श्री. ना. पेंडशांच्या बाबतींत तें खरें आहे. ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) मधली जगबुडी नदी खोतांच्या पिढ्यांबरोबर वाहते. ती कादंबरी मीं तीनदां वाचली आहे आणि अजून एकदां वाचीन. पण माझ्या मनावर ठसलें तें पाणी. पाणी ओसरल्यावर जें उघडें पडतें तें ठसलें नाहीं. हा दोष कादंबरीचा कीं वाचकाचा, याचा निर्णय आतां मी घाईनें देणार नाहीं. मधु मंगेश कर्णिकांनीं ‘माहीमची खाडी’ (१९६९) लिहिली आणि चिखल एकदांचा पुस्तकाच्या मध्यभागीं आला. पण तो शहराचा चिखल, झोंपडपट्टीचा. वाचक त्याच्याकडे दैन्याची खूण म्हणून पाहतो. चिखल म्हणजे जेथें जगावें लागतें ती वाईट जागा. चिखल म्हणजे ज्यावर जगतां येतें ती जागा, हा अर्थ त्या पुस्तकाला अभिप्रेत नव्हता, आणि त्याच्याकडून तो मागणेंहि अन्यायाचें होईल.

असें कां व्हावें? एक कारण फार जुनें आहे. पंक आणि पंकज ही जोडी संस्कृत कवितेनें आमच्या रक्तांत भिनविली. कमळाची थोरवी सांगायची तर तें कोठून आलें हें उच्चारून लगेच विसरायचें. मराठी बोलींतहि चिखल म्हणजे फेंकायची किंवा अंगावर उडायची वस्तु. गंमत अशी कीं शेतकऱ्याच्या तोंडीं तसें नाहीं. आमच्या भंडाऱ्याकडे धानाच्या बांधींत चिखलणी केल्याशिवाय रोवणी होत नाहीं, आणि चिखलणी चांगली झाली हें तेथें कौतुकाचें वाक्य आहे.

पण मला दुसरें कारण अधिक महत्त्वाचें वाटतें, आणि तें थोडें बोचणारें आहे. कोंकणाचें वर्णन करणारा लेखक बहुधा वाडींतला होता: नारळी-पोफळीच्या, विहिरीवरच्या रहाटाच्या, ओटी-पडवीच्या घरांतला. तो समुद्रावर जाई तो फिरायला, किंवा वर्षांतून एकदां नारळ टाकायला. खाजणांत उतरणारा कोळी, आगरी, खारवी लिहीत नव्हता. त्याच्यापर्यंत शाळा पोंचलीच नव्हती, आणि पोंचली तेव्हां तेथें माझ्यासारखा मास्तर लाल शाई घेऊन बसला होता. त्यामुळें जें वाडींतून दिसतें तें निसर्ग ठरलें, आणि ज्यांत हात घालावा लागतो तें काम ठरलें. कामाला आम्हीं निसर्गवर्णनांत जागा ठेविली नाहीं.

या खाऱ्या मातीचा इतिहास कांहीं लहान नाहीं. अलिबाग-पेणच्या खारेपाटांत लोकांनीं समुद्राला बांध घालून चिखलांतून भातशेती उभी केली. बांधाला उघाडी ठेवायची. ओहोटीला आंतलें पावसाचें पाणी बाहेर जातें, भरतीला दार दाबून बसतें आणि खारें पाणी अडतें. या जमिनींना शिलोत्री म्हणत. बांध एका उधाणाला फुटला तर जमीन पुन्हां खारी होते. याच भागांतल्या चरी गांवच्या कुळांनीं १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. डॉ. आंबेडकरांनीं त्यांची बाजू घेतली आणि १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. इतकीं वर्षें शेतें पडीक राहिलीं, माणसांनीं मोलमजुरी करून दिवस काढले. आतां त्याच वर्षांतलीं आमचीं मासिकें काढून पाहावीं. कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, हा फडके-खांडेकरांचा वाद तेथें रंगलेला आहे. दोन्ही बाजूंनीं विद्वत्ता आहे, आवेश आहे. मीं हा वाद कितीदां तरी शिकविला. तो चालू असतां चरीचा बांध कोण राखीत होतें हें सांगावें असें एकदांहि सुचलें नाहीं. खांडेकर तर १९२० ते १९३८ शिरोड्याला होते. मिठागरें त्यांच्या दाराशीं होतीं.

इंग्रजी वाङ्मयाचें उदाहरण दिल्यावांचून आमच्या पिढीला चैन पडत नाहीं, तेव्हां एक देतों. जॉर्ज क्रॅब हा कवि १७५४ सालीं सफोकच्या किनाऱ्यावरील ऑल्डबरो या लहान गांवीं जन्मला. तरुणपणीं त्यानें तेथल्या धक्क्यावर गोदामांत पिंपें लोटलीं. ‘द बरो’ (१८१०) या त्याच्या दीर्घ काव्यांत पीटर ग्राइम्स नांवाच्या कोळ्याची कथा आहे. हा दुष्ट, एकाकी मनुष्य ओहोटीच्या चिखलांतल्या चरांत होडी लावून तासचे तास कोमट पाणी, खेंकडे आणि गाळ पाहत बसतो, आणि त्याचें मन कसें झालें आहे हें कवीला वेगळें सांगावें लागत नाहीं. वर्ड्‌स्वर्थच्याच पिढींत हें लिहिलें गेलें. आमच्या अभ्यासक्रमांत वर्ड्‌स्वर्थचीं सरोवरें होतीं, क्रॅब नव्हता. डिकन्सचें ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६१) केंटच्या पाणथळ दलदलींत उघडतें, पण तें आम्हीं वाचलें पिपच्या प्रेमकथेसाठीं. म्हणजे इंग्रजी शिकूनहि आम्हीं तीच निवड केली. इंग्रजांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. उलट मोल्सवर्थ नांवाच्या एका लष्करी इंग्रजानें १८३१ च्या आपल्या कोशांत खाजण आणि उधाण यांना आदरानें जागा दिली आहे. कोशांत ते शब्द बसले, वाङ्मयांत उभे राहिले नाहींत.

येथें एक आक्षेप मीच घेतों. चिखलाचें गुणगान सुरू केलें कीं त्याचाहि देखावा होतो. हल्लीं खाडीच्या कांठीं दुर्बिणी आणि मोठाले कॅमेरे घेऊन पुष्कळ मंडळी येतात. रोहित पक्ष्यांचीं सुंदर छायाचित्रें निघतात, त्यांखालीं भावपूर्ण मजकूर येतो, आणि मागें वांकलेली बाई चित्रांतून कापली जाते. सोनेरी वाळूच्या जागीं गुलाबी पंख आले, एवढाच फरक. यावर उतारा मला आमच्या विदर्भांतच सांपडतो. २०२५ सालीं निवर्तलेले मारुती चितमपल्ली वनखात्यांत रानोमाळ हिंडले. पांखरूं दिसलें कीं ते आदिवासींना, पारध्यांना, भोयांना त्याचें नांव विचारीत; त्यांतून ‘पक्षिकोश’ झाला. त्यांच्या गद्याला मी पूर्वीं माहितीपर म्हणून किंचित् खालची पायरी देत असें. आतां वाटतें कीं शब्द विचारून घेणें हीच तेथली प्रतिभा होती. ज्याला नांव ठाऊक आहे त्याला विशेषणें कमी लागतात. आमच्या समुद्रवर्णनांत विशेषणांची एवढी गर्दी कां, तें यावरून समजतें.

ज्यासाठीं गेलों होतों तो दगड अर्थातच पाहिला. माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले. खालीं मजकूर: जगाला सुख चिंतलेलें, मग राजाला पश्चिमसमुद्राचा अधिपति म्हटलेलें, आणि देवीच्या बोडणासाठीं धान्य लावून दिल्याची नोंद. वर्गांत मी तो भाषेचा नमुना म्हणून वाचून दाखवीत आलों. रूपें कोणतीं, प्रत्यय कोणते, एवढेंच. आक्षीला उभें राहिल्यावर प्रथमच ध्यानांत आलें कीं हें धान्य पिकलें असेल तें याच खाडीच्या आसपास. चंद्रसूर्य आहेत तोंवर दान टिको, असा त्या खुणेचा रूढ अर्थ आम्ही सांगतों. अर्थ बरोबरच आहे. पण समोर खाडींत पाणी चढवणारे-उतरवणारेहि तेच दोघे आहेत, हें गुरुजींनीं दाखविलें. ज्यानें त्या खुणा कोरल्या त्याच्या मनांत तें होतें असें मी म्हणणार नाहीं. त्याला तें ठाऊक नव्हतें असेंहि मात्र म्हणवत नाहीं. समुद्राचा अधिपति म्हणविणारा राजा, आणि लेख कशाचा, तर बोडणाच्या धान्याचा. लाटेचें वर्णन नाहीं, माडाचें नाहीं.

परत आल्यावर त्या मुलीचा निबंध कोठें मिळतो का पाहिलें. मिळण्यासारखा नव्हता, सहामाहीच्या उत्तरपत्रिका आम्ही वर्षाअखेरीस रद्दींत देतों. तिचें नांवहि निश्चित आठवत नाहीं, अक्षर आठवतें. ती आज चाळिशीच्या आसपास असेल. लिहीत असेल कीं नाहीं कोण जाणे. मला एवढें स्पष्ट दिसतें कीं माझ्या नजरेखालून गेलेल्या समुद्रावरील शेंकडों निबंधांत समुद्र एकांतच होता, आणि त्याला मीं सर्वांत कमी गुण दिले.

या वर्षीं पहिल्या वर्षाच्या मुलांना मीं समुद्र दिला नाहीं. ‘आमच्या गल्लींतलें लाकूड’ असा विषय दिला. मुलें नाराज झालीं. एकानें सोनेरी भुसा लिहिला, एकानें आरागिरणीला वृक्षांची स्मशानभूमि म्हटलें. पण एका मुलाचे वडील आऱ्यावर कामाला आहेत. त्यानें ओला आणि सुका साग नुसत्या आवाजावरून कसा ओळखतात तें लिहिलें आहे. मधला एक शब्द मला समजला नाहीं. तो खोडला नाहीं. उद्यां त्याला विचारायचा आहे.

हें लिहितां लिहितां भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलें. आज पंचमी. पांचाची पाऊणपट पावणेचार. घड्याळांत साडेचार होत आले आहेत. म्हणजे आक्षीला सुकती लागून पाऊण तास झाला.